मेणबत्ती आणि मातीच्या कुंडीने खोलीत ऊब येते का?

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही वाळपईच्या पुढे राहतो, घर जुनं, चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. गोव्यात कसली थंडी म्हणून हसू नका, तिकडे किनाऱ्यावर पंखे चालू असतात तेव्हा इथे घाटाखाली पहाटे गोधडीतून पाय बाहेर काढवत नाही. सासूबाईंचे गुडघे धरतात. हीटर लावावा तर वायरिंग जुनं, वर लाईट कधी जाईल नेम नाही. त्या निखाऱ्यांची शेगडी घेऊन झोपायच्या, ते मी बंद करायला लावलं, दार लावून कोळसा म्हणजे जिवाशी खेळ.

आता पुतण्याने व्हिडिओ पाठवलाय, चार टीलाईट (पत्र्याच्या वाटीतल्या छोट्या चपट्या मेणबत्त्या), त्यावर उलटी कुंडी, की झाली म्हणे खोली गरम, वीज शून्य आणि पर्यावरणपूरक. कुंडी डिचोलीच्या कुंभाराकडे मिळेल, पण खरंच फरक पडतो का? खिडकी उघडी ठेवायची तर ऊब टिकणार कशी?

प्रतिसाद : ताई, कुंडी उष्णता वाढवत नाही हो, ज्योतीची आहे तीच धरून ठेवते आणि सावकाश सोडते. साधी मेणबत्ती साधारण 80 वॅट उष्णता देते, टीलाईट त्याच्या निम्मी, म्हणजे चार मिळून दीडशेच्या आसपास, आणि रूम हीटर असतो 1000 ते 2000 चा. त्यात कौलारू घर, जी काय ऊब होईल ती फटींतून वर. पर्यावरणाचं म्हणाल तर बाजारातलं पॅराफिन मेण पेट्रोलियममधूनच येतं. आणि खरी भीती वेगळीच, कुंडीखाली टीलाईट चिकटून ठेवल्या की मेण इतकं तापतं की वात राहते बाजूला, मेणच पेट घेतं, त्यावर कोणी घाबरून पाणी ओतलं तर भडका. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत रात्री नकोच.

त्यापेक्षा न्हाणीतल्या चुलीवरचं पाणी रबरी पिशवीत भरा. दोन लिटर पाणी 70 अंशांवरून 35 वर येईपर्यंत जेवढी उष्णता देतं ती एका मेणबत्तीच्या तासाभराएवढीच, पण ती सगळी गोधडीच्या आत, गुडघ्याला. उकळतं भरू नका, टॉवेलात गुंडाळा.

धागाकर्ती : हिशोब पटला. पिशवी फार्मसीत बघते. पण त्यांना झोपेत कळलं नाही आणि चटका बसला तर? झोपण्याआधी काढून घेतली तर अंथरूण तेवढं गरम राहील का?