थ्रीडी डिझाइन शिकवताना सगळी मुलं कीचेनच करतात, काय बदलू?

प्रश्न (रिकामा_फळा): १२ ते १४ वर्षांची २० मुलं, एकच प्रिंटर, दोन-दोन तासांची सहा सत्रं. टिंकरकॅड (ब्राउझरमध्ये चालणारं थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) वापरतो. ‘हवं ते बनवा’ म्हटलं की नाव कोरलेली कीचेन येतात. डबी केलीच तर झाकण बसत नाही.

सुतारपक्षी: ‘हवं ते’ म्हटलं की मुलं सोपं तेच करणार. त्यापेक्षा अडचण हातात द्या: टेबलावरून सतत खाली पडणारी चार्जरची वायर. तिला धरणारी क्लिप करायची, ५० मिमीच्या चौकोनात बसेल एवढी. पहिल्या सत्रात संगणक बंद. टेबलाची जाडी आणि वायरचा व्यास व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजायचे, मग पुठ्ठ्याचे नमुने. ही पायरी गाळली तर मुलं पडद्यावर अंदाजाने आकार ओढत बसतात.

झाकणाचं कारण साधं आहे. डबी आतून ४० मिमी आणि झाकणाची कडाही ४० मिमी, मग बसेल कशी? प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.३ मिमी मोकळीक हवी, म्हणजे कडा साधारण ३९.५. हे फळ्यावर लिहून देऊ नका. १० मिमीची एक खुंटी आणि ३ मिमी जाड पट्टीत १०, १०.२, १०.४, १०.६ अशी भोकं छापा आणि मुलांनाच खुंटी घालून बघू द्या. टिंकरकॅडमधला स्नॅप ग्रिड (आकार किती-किती मिमीच्या टप्प्याने सरकतो ते ठरवणारी सेटिंग) मुळात १ मिमीवर असतो, तो ०.१ करा. तिथला सिलिंडर पूर्ण गोल नसतो, त्याला मुळात २० बाजू असतात, म्हणजे १० मिमीचं भोक सपाट बाजूंमध्ये ९.८८च भरतं. बाजू ६४ करा, नाहीतर चाचणीच फसवी निघेल.

थर_मोजणारा: वरच्यात भर. क्लिप उभी छापली की वाकवताक्षणी थरांच्या सांध्यावर तुटते. आडवी ठेवा, वरून पाहिल्यावर इंग्रजी ‘सी’ दिसला पाहिजे. भिंत किमान १.२ मिमी, म्हणजे ०.४ मिमीच्या नोझलचे (वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोंडाचे) तीन फेरे. आकार हवेत तरंगत राहिला असेल तर तो निवडून ‘डी’ दाबा, खाली टेकतो. पोरं वरूनच बघत असतात, म्हणून हे लक्षात येत नाही. कॅमेरा बाजूला फिरवायची सवय लावा.

रिकामा_फळा: प्रिंटरच्या रांगेचं काय? आणि चुकीची फाइल मी दुरुस्त करून छापावी का?

सुतारपक्षी: चौघांचा गट करा, म्हणजे पाचच वस्तू. स्लायसरमध्ये (डिझाइनचे थर पाडून प्रिंटरसाठी फाइल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ४० मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिसला की फाइल परत. वेळ कुठे जातोय ते गटाने प्रिव्ह्यूमध्ये शोधायचं. दुरुस्ती तुम्ही अजिबात करू नका. तुटलेला तुकडा ठेवायचा, त्यावर मार्करने आवृत्ती लिहायची आणि पुढच्या खेपेला एकच माप बदलायचं. दोन मापं एकदम बदलली तर क्लिप कशामुळे बसली ते कुणालाच सांगता येत नाही. कीचेन करायचीच असेल तर सत्र संपल्यावर, प्रिंटर रिकामा असला तर.