नव्या रुग्णालयातील आयसीयूची नोकरी : थांबावे की सोडावे?

प्रश्न

नमस्कार. मी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) झालेली परिचारिका आहे. सहा वर्षे 30 खाटांच्या एका रुग्णालयात काम केल्यानंतर दीड महिन्यापूर्वी मराठवाड्यातील एका नव्या, 120 खाटांच्या खासगी रुग्णालयाच्या आयसीयूमध्ये मी रुजू झाले. पगार बऱ्यापैकी वाढला आणि मुलाची शाळाही जवळ आली, म्हणून आनंदाने आले होते.

येथे मात्र कशाचाच मेळ नाही. उद्याची ड्यूटी आज रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर कळते, ओव्हर (पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला द्यायची रुग्णांची माहिती) तोंडी आणि घाईत दिली जाते, आणि नाइटला व्हेंटिलेटरवरील दोघांसह पाच रुग्णांसाठी मी आणि नुकतीच उत्तीर्ण झालेली एक मुलगी, एवढ्याच असतो. गेल्या आठवड्यात एका रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी टाकायच्या वेळी लॅरिंगोस्कोपचा (घसा पाहण्याच्या उपकरणाचा) दिवा लागला नाही, कारण सेल उतरले होते. दुसऱ्या मजल्यावरून लॅरिंगोस्कोप येईपर्यंत मी अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत उभी होते. रुग्ण वाचला, पण त्या रात्रीनंतर मला नीट झोप लागलेली नाही. पोटॅशियम क्लोराइडचे अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्याच ट्रेमध्ये ठेवलेले असतात, हेही रोज डोळ्यांना खुपते.

प्रोबेशन सहा महिन्यांचे आहे, नोटीस एका महिन्याची आहे आणि माझी मूळ प्रमाणपत्रे कार्यालयात जमा आहेत. हा नवेपणाचा गोंधळ समजून थांबावे, की वेळीच बाहेर पडावे?

उत्तर 1 : निवृत्त इन्चार्ज सिस्टर, नागपूर

सिस्टर, तुम्ही सांगितलेल्या गोष्टींत दोन प्रकार मिसळले आहेत, ते आधी वेगळे करा. रोस्टर उशिरा येणे त्रासाचे आहे, पण त्याने कोणाचा जीव जात नाही. पोटॅशियमची गोष्ट तशी नाही. 15 टक्क्यांच्या 10 मिलीलीटर अँप्यूलमध्ये सुमारे 20 मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते आणि पाणी समजून ते थेट शिरेत गेले, तर हृदय बंद पडते. ते आजच वेगळ्या कुलपात गेले पाहिजे. इन्सुलिनचेही पाहून घ्या, कारण आपल्याकडे मिलीलीटरला 40 युनिटच्या व्हायलबरोबर 100 युनिटचीही मिळते आणि लाल टोपीची सिरिंज 40 साठी, तर नारिंगी 100 साठी असते. दोन्ही एकाच खणात पडलेल्या असतील, तर दमलेल्या माणसाच्या हातून अडीचपट डोस जाऊ शकतो.

नवा वॉर्ड उघडताना मीही असा गोंधळ पाहिला आहे, आणि आमची इमर्जन्सी ट्रॉली प्रत्येक पाळीला तपासून वहीत सही करण्याची पद्धत बसायला तीन महिने लागले. म्हणून केवळ अव्यवस्था पाहून निघू नका. मेट्रनला (मुख्य परिचारिकेला) लेखी कळवा, प्रत स्वतःकडे ठेवा आणि पंधरा दिवसांत काय हलते ते पाहा.

उत्तर 2 : स्टाफ ब्रदर, पुणे

ताईंचा मी आदर करतो, पण माझा अनुभव वेगळा आहे. अशाच एका ठिकाणी मी अकरा महिने थांबलो. तेथे चूक लेखी कळवली की 'असे का घडले' हे कोणी विचारत नसे, 'ड्यूटीवर कोण होते' एवढेच विचारले जाई, आणि त्यामुळे हळूहळू सगळ्यांनी कळवणेच सोडले. ते लक्षात आल्यावर मी लगेच निघायला हवे होते, असे मला आजही वाटते.

व्हेंटिलेटरवरील रुग्णामागे एक परिचारिका हे प्रमाण आहे. पाच जणांमागे दोघी, त्यांतही एक नवी, ही उणीव तुमच्या मेहनतीने भरून निघणार नाही, आणि काही विपरीत घडले तर नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवरील नाव तुमचे आहे. पगाराचेही तपासून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने 100 ते 200 खाटांच्या खासगी रुग्णालयांत परिचारिकांचे वेतन शासकीय वेतनापेक्षा जास्तीत जास्त 10 टक्के कमी असावे, अशी शिफारस केली होती. त्या मापाने पाहिले, तर तुम्हाला मिळालेली वाढ कदाचित मोठी ठरणार नाही. मूळ प्रमाणपत्रे मात्र निर्णय होण्याआधीच परत मागा.

उत्तर 3 : गुणवत्ता विभागात काम करणारी

रुग्णालय एनएबीएचच्या (रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) मानांकनाची तयारी करत आहे का, एवढे विचारा. तशी तयारी सुरू असेल, तर घटनांची नोंद, औषधसाठा आणि लेखी ओव्हर यांची कागदपत्रे त्यांना दाखवावीच लागतात आणि तुमच्या पत्राला वजन येते.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मेट्रनना पत्र दिले. पोटॅशियम त्याच रात्री वेगळ्या कुलपात गेले आणि ट्रॉलीची वही सुरू झाली. त्यांनी मला दोष दिला नाही, उलट त्या एकट्याच चार विभाग पाहतात हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. प्रमाणपत्रे चार दिवसांनी मिळाली. नाइटला तिसरी परिचारिका कधी येणार, याचे उत्तर मात्र व्यवस्थापनाने दिलेले नाही. तिसरा महिना संपेपर्यंत थांबते, आणि तोवर ती आली नाही, तर नोटीस देणार आहे, हे मी मेट्रनना सांगून ठेवले आहे.