स्वेटरचा ओढला गेलेला धागा घरीच कसा बसवावा?

प्रश्न (दापोली)
सासूबाईंनी २२ वर्षांपूर्वी हाताने विणलेला स्वेटर यंदा पौषातल्या गारठ्यात बाहेर काढला आणि दुसऱ्याच दिवशी विहिरीवरून येताना त्याची बाही करवंदीच्या काट्यांत अडकली. धागा तुटलेला नाही. मात्र बोटभर लांबीचा फास बाहेर आला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंची ओळ चुण्या पडून आवळली आहे. शेजारणीने फास कापून टाकण्यास सुचवले, परंतु मन धजत नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (राजापूर)
ताई, कात्री मुळीच लावू नका. विणकामातला प्रत्येक टाका शेजारच्या आणि वरच्या टाक्याला धरून असतो, त्यामुळे फास कापला की तिथले टाके सुटतात आणि वीण उसवत जाते. बाहेर आलेला धागा आजूबाजूच्या टाक्यांतूनच ओढला गेला आहे, तो त्यांनाच परत द्यायचा. प्रथम बाही आडवी, मग उभी, हलकेच ताणा. पुष्कळदा निम्मा फास एवढ्यानेच आत जातो. नंतर बोथट सुईने फासालगतच्या आवळलेल्या टाक्यात थोडा धागा सरकवा, तिथला जास्तीचा धागा पुढच्या टाक्यात ओढून घ्या आणि चुणी संपेपर्यंत असेच टाक्यामागून टाका जात राहा. निम्मा धागा डावीकडे, निम्मा उजवीकडे. घाईने सगळा एकाच टाक्यात भरला, तर तो ढिला टाका डोळ्यांत खुपत राहतो. हे काम दिवसा उजेडी ओटीवर बसून करावे. शेवटी वर ओले फडके घालून इस्त्रीची वाफ द्यावी.

उत्तर (मालवण)
पद्धत अचूक आहे. फक्त इस्त्रीपूर्वी धाग्याची खात्री करावी. लोकर म्हणून विकला जाणारा धागा अनेकदा ॲक्रिलिक असतो आणि इस्त्रीच्या उष्णतेने त्याची वीण कायमची चपटी व ढिली पडते. आतल्या शिवणीतला एक तंतू चिमट्यात धरून जाळून पाहा. केस जळल्याचा वास येऊन राख बोटांत चुरडली, तर ती लोकर. वितळून कडक मणी झाला, तर ॲक्रिलिक.

प्रश्नकर्ती (दापोली)
केसांचाच वास आला. दोन दुपारी बसून फास पूर्ण आत गेला, आता जागा शोधावी लागते. मात्र कोपराजवळ मसुराएवढे एक भोक सापडले असून तिथे धागा तुटलेला आहे.

उत्तर (राजापूर)
धागा कुठे अडकल्याचे आठवत नसेल, तर ती कसर असावी. तिच्या अळ्या लोकर खातात. सुटे टाके आधी सेफ्टी पिनेत अडकवा, म्हणजे उसवण थांबेल. काही ओळी खाली उसवले असेल, तर क्रोशाच्या सुईने सुटलेल्या टाक्यातून वरचा आडवा धागा ओढत एकेक ओळ चढत या आणि भोक त्याच रंगाच्या लोकरीने, वीण चालवल्यासारखे, शिवून घ्या. ट्रंकेतले बाकीचे लोकरी कपडेही आजच उन्हात झटका. पावसाळ्यापूर्वी ते धुऊन, खडखडीत वाळवूनच ठेवावेत, कारण घाम मुरलेल्या गळ्याला आणि काखेला कसर आधी लागते.