फीचर मागितलं तर पुरावा मागतायत, काय देऊ?

गावचा_नेटकरी: मी वापरतो त्या डाउनलोड मॅनेजरवाल्यांना सांगितलं की लिंक एक्सपायर झाली तर नवी लिंक टाकून तीच फाइल पुढे सुरू करता आली पाहिजे, तर म्हणे पुरावा द्या. ४ जीबीची आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) ९२ टक्क्यांवर अडकली नि परत शून्यापासून, इकडे लाइट सारखी जाते हो, अजून काय देऊ?

हेडर_वाचक: दादा त्रास खरा आहे, पण त्यांना तो दिसायला हवा ना. नव्या लिंकवर रेंज हेडर (फाइलचा अमुक भागच द्या असं सर्व्हरला सांगणारी ओळ) लावून रिक्वेस्ट पाठवा, उत्तराचा कोड २०६ आलं तर सर्व्हर उरलेला भाग द्यायला तयार आहे, २०० आलं तर तो अख्खी फाइलच पाठवतोय, मग सॉफ्टवेअर तरी काय करणार. जुन्या-नव्या लिंकचा ईटॅग (सर्व्हरने फाइलला दिलेली ओळखखूण) आणि साइज जुळत असेल तर तो लॉग, म्हणजे रिक्वेस्ट-उत्तराची नोंद, जसाच्या तसा चिकटवा, यापुढे कोणी वाद घालणार नाही.

रात्रपाळी: टाकायच्या आधी लिंकमधलं टोकन आणि कुकी खोडा, प्लीज, त्या तुमच्या लॉगिनच्या किल्ल्या असतात. आणि सॉफ्टवेअरचं व्हर्जन लिहा.

गावचा_नेटकरी: २०६ आलं!! ईटॅगपण तोच. टोकन खोडून आत्ताच टाकतो, थँक्स दोघांना.