मदत हवी आहे: रविवारच्या चीट मीलमुळे वजन अडलंय का?

वय ३८, उंची १६५ सेंमी, वजन ७४ किलो. वजन टिकवायला रोज साधारण २००० कॅलरी लागतात असं गणित निघालं, म्हणून सोम ते शनि १५०० वर आहे. रविवार मोकळा: सकाळी मिसळ, दुपारी श्रीखंड-पुरी, रात्री पावभाजी आणि वर आइस्क्रीम. पाच आठवडे काटा हललेला नाही. सोमवारी तर १.२ किलो वाढलेलंच दिसतं. रविवार बंद करायचा की त्यात काही बदल करता येईल? मधुमेह नाही, गोळ्या नाहीत.

ताकभात
आधी सोमवारचा काटा. १ किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. १.२ किलो चरबी एका दिवसात चढायला गरजेपेक्षा नऊ हजारांहून जास्त खावं लागेल, आणि ते पावभाजीच्याही आवाक्याबाहेर आहे. ते बहुतेक पाणी आहे: मिठामुळे धरलेलं, शिवाय साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (शरीराने साठवून ठेवलेलं कार्बोहायड्रेट) सुमारे ३ ग्रॅम. थोडं पोटातलं अन्नही. गुरुवार-शुक्रवारपर्यंत उतरतं.

आता रविवार. आकडे ढोबळ आहेत. मिसळ ७५० (५० ग्रॅम फरसाणच २७५ नेतं, दोन लादीपाव २२०, उरलेलं उसळ आणि तर्री). सहा पुऱ्या ६००, दीडशे ग्रॅम श्रीखंड ४००, बटाट्याची भाजी २००. पावभाजी तीन पाव आणि ३० ग्रॅम लोण्यासकट ९००. आइस्क्रीम २००. बेरीज ३०५०, म्हणजे १०५० जादा.

सहा दिवसांची ३००० तूट खरी असती तर तरीही १९५० उरले असते आणि पाच आठवड्यांत सव्वा किलो उतरलं असतं. म्हणजे गळती रविवारीच आहे असं नाही. फोडणीचं तेल मोजता का? चहाचा छोटा चमचा तेल ४५ कॅलरी, असे चार न मोजलेले म्हणजे १८०. १५०० चे १७०० सहज होतात. मग आठवड्याची तूट १८००, त्यातून १०५० वजा. ७५० उरतात, म्हणजे १०० ग्रॅम चरबी. पाण्याच्या चढउतारात ती दिसणारच नाही.

पाव_किलो
सहमत. तुम्ही याला चीट मील म्हणताय, पण हा अख्खा चीट डे आहे. तिन्हीतलं एक निवडा. मिसळ निवडलीत तर फरसाण वेगळ्या वाटीत मागवा, तर्री चमच्याने घ्या, जादा पाव आधीच नको म्हणून सांगा. दुपारी-रात्री नेहमीचंच जेवण. श्रीखंड-पुरी निवडलीत तर सकाळी उपाशी राहू नका. दोन अंडी किंवा मूगडाळीचं धिरडं खा, नाहीतर चार पुऱ्यांचा बेत आठवर जातो. श्रीखंडाचा डबा टेबलावर नको, वाटीत काढून डबा फ्रिजमध्ये. पाव किलोच आणा, उरलेलं सोमवारी संपवावं लागतं.

'चीट मीलने मेटॅबॉलिझम वाढतो' यावर विसंबू नका. एका जेवणाने होणारी वाढ किरकोळ असते, खाल्लेल्या जादा कॅलरी त्यात भरून निघत नाहीत. उपयोग आहे तो आहार टिकवायला. तो पुरेसा आहे.

प्रश्नकर्ता
तेल मोजत नव्हतो. रविवारची भरपाई म्हणून सोमवारी उपास धरला तर?

ताकभात
उपासाला काय खाणार यावर आहे. साबुदाणा खिचडी असेल तर भरपाई विसरा: ५० ग्रॅम कोरडा साबुदाणा १७५, २५ ग्रॅम दाण्याचं कूट १४०, दोन छोटे चमचे तूप ९०, वर बटाटा. ४५० च्या आसपास, प्रोटीन नावापुरतं, आणि प्रत्यक्षात प्लेट याच्या दीडपट असते. त्यापेक्षा गुरुवार ते शनिवार रोज १०० कमी करा (एक पोळी कमी किंवा दोन चमचे तेल कमी) आणि ते ३०० रविवारच्या एका जेवणाला द्या. सोमवारी सरळ नेहमीचं १५००.

वजन रोज सकाळी शौचानंतर, चहाआधी घ्या आणि सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडा. तेल महिन्याचं मोजा: पिशवी फोडल्याची तारीख लिहा, संपली की घरातल्या माणसांनी आणि दिवसांनी भागा. तळणाचं उरलेलं तेल वजा करायला विसरू नका.