सुरक्षा कंपनीच्याच उत्पादनाने घोळ घातला, तर पहिले निवेदन कसे असावे?

प्रश्न (मसुदाकार): पुण्यातील एका लहान सायबर सुरक्षा कंपनीचा जनसंपर्क मी पाहते. आमच्याच उत्पादनामुळे ग्राहकांचे काम ठप्प झाले, तर काय सांगावे याचा मसुदा तयार ठेवायचा आहे. त्यात दिलगिरीचा शब्दही नको, असे वकिलांचे म्हणणे आहे. जाणकारांनी मत द्यावे.

जुना बातमीदार: क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीचे उदाहरण पाहावे. १९ जुलै २०२४ रोजी त्यांच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. हा सायबर हल्ला नाही आणि दुरुस्ती उपलब्ध आहे, हे मुख्याधिकारी जॉर्ज कर्ट्झ यांनी एक्सवर लगेच स्पष्ट केले, ते योग्यच होते. परंतु त्या संदेशात माफी नव्हती आणि टीका झाली ती नेमकी त्यावरच. माफी नंतर दूरचित्रवाणीवर आली. वकिलांना हे जरूर दाखवा.

निशाचर: भागीदारांना १० डॉलरची उबर ईट्सची कुपने पाठवून तर त्यांनी स्वतःचे हसे करून घेतले. उलट ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या डेफ कॉन या हॅकर परिषदेत सर्वांत मोठ्या फजितीचा प्वनी हा सायबर सुरक्षा क्षेत्रातला उपहासात्मक पुरस्कार कंपनीचे अध्यक्ष मायकल सेंटोनास यांनी स्वतः मंचावर जाऊन स्वीकारला, तेव्हा टीकाकारांनीही टाळ्या वाजवल्या. असले धाडस मसुद्यात लिहून ठेवता येत नाही, म्हणा.

अनुपालन: घटना हल्ल्याची असेल, तर सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते. तिथे दिलेला तपशील आणि पत्रकारांना दिलेले निवेदन यांत तफावत राहू नये, म्हणून दोन्ही मसुदे एकाच व्यक्तीने तपासावेत.