आठवड्याची लांब राईड नेमकी किती लांब असावी?

सातवा_गियर

नमस्कार मंडळी,

वय ३९, सायकल हायब्रिड. नोकरीमुळे मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे तासभरच जमतं, रविवार मोकळा असतो. रविवारी ६० किमी करते, पावणेतीन तास लागतात. घरी आल्यावर थकवा असतो, पण दुपारची कामं अडत नाहीत.

साडेतीन महिन्यांनी २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, करायची आहे. आमच्या ग्रुपचं म्हणणं असं की दर रविवारी शंभर झालेच पाहिजेत, त्याखालची ती लांब राईडच नव्हे. मध्यंतरी त्यांच्याबरोबर शंभर केले. झाले, मजाही आली. पण मंगळवारी पहाटे पाय उचलेनात, ती राईड बुडाली आणि गुरुवारी अर्ध्यातून परत फिरले. दर आठवड्याला असंच व्हायचं असेल तर त्या शंभराचा उपयोग काय? किती लांब जाऊ, आणि ते ठरवायचं कसं?

चढवेडा

ग्रुपशी सहमत. चौथ्या तासाला मन कुरकुर करायला लागतं, सॅडल टोचते, खायची इच्छा मरते. हे सगळं आधी अनुभवलेलं असावं, नाहीतर ब्रेव्हेत पहिल्यांदाच समोर येतं. शंभरची सवय लावा, दोन-तीन आठवड्यांत पाय सरावतील.

सावकाश_स्वार

ताई, आधी किलोमीटर सोडा आणि तास धरा. समोरून वारा असला की तुमचे हेच ६० किमी साडेतीन तास खातात. ग्रुपच्या मागे चाकाला चाक लावून गेलात तर सव्वादोन तासांत संपतात. दोन्ही राईडना '६०' म्हटलं, तर शरीरावर किती ताण पडला ते त्या आकड्यातून कळत नाही.

आता तुमचा आठवडा बघू. एकूण पावणेपाच तास, त्यातले पावणेतीन रविवारी. म्हणजे निम्म्याहून जास्त भार आत्ताच एका दिवसावर आहे. शंभर किमीला पाच तास धरले तर तो वाटा सत्तर टक्क्यांपुढे जातो. माझं ठाम मत: लांब राईड आठवड्याच्या एकूण वेळेच्या निम्म्याच्या आसपास असावी. तीनच दिवस मिळत असतील तर थोडी वर चालेल, पण तिने बाकीचे दिवस गिळता कामा नयेत. रविवारची राईड बेताची होती की नाही, हे मंगळवारी पहाटे कळतं. नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने, जोर न लावता जाता आलं तर रविवार बरोबर होता. तुमच्या मंगळवारने उत्तर दिलेलंच आहे.

चढवेडा म्हणतात त्यातही तथ्य आहे, पण वेगळ्या कारणाने. सावकाश चालवताना मुख्यतः पायांचे संथ तंतू काम करतात. तासन्‌तास चालवलं की त्यांतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, उतरतं आणि मग एरवी आराम करणारे वेगवान तंतूही कामाला लागतात. त्यामुळे शेवटच्या तासाचं मोल मोठं. पण तो तास तुमच्या ताब्यात असला पाहिजे. मान खाली घालून, दात-ओठ खाऊन रेटलेला तास फक्त थकवा वाढवतो, आणि तो फेडायला पुढचे तीन-चार दिवस जातात.

ताबा सुटतोय हे ओळखायची एक खूण सांगतो. हार्ट रेटचा पट्टा असेल तर राईडचे दोन भाग करून बघा. सपाट रस्ता, तोच जोर, आणि पहिल्या भागात सरासरी १३५ ठोके असताना दुसऱ्या भागात १४० आले, तर ठीक. १४८ आले, तर ती राईड तुमच्या आजच्या तयारीपेक्षा लांब होती. साधारण पाच टक्क्यांपर्यंतची वाढ मी चालवून घेतो. मात्र ऊन आणि कमी पाणी यांनीही ठोके चढतात, म्हणून एकाच रविवारवरून निकाल लावू नका.

तुमच्यासाठी मी असं आखेन. गुरुवारचा तास सव्वा ते दीड करा. शनिवारी पाऊण तास अगदी आरामात. रविवार पुढचे तीन आठवडे तीन तास, तीन-वीस, पावणेचार. चौथ्या आठवड्यात परत अडीचवर या. ही माघार टाळू नका, शरीर त्याच आठवड्यात कमाई पदरात पाडून घेतं. मग चार, साडेचार, पाच, आणि पुन्हा अडीच. शेवटच्या टप्प्यात पाच, पावणेसहा, सव्वासहा. ही सर्वांत लांब राईड ब्रेव्हेच्या तीन-चार आठवडे आधी पडते. त्यानंतर उतरतं ठेवा.

चढवेडा

सव्वासहा तास म्हणजे यांच्या वेगाने १३० किमी. २०० साठी ते पुरतं? एकदा तरी १७०-१८० झालेले बरे.

सावकाश_स्वार

पुरतं. ब्रेव्हेची शिडीच बघा ना: २००, ३००, ४००, ६००. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा एक तृतीयांश ते निम्म्याने मोठी. २०० केलेला माणूस ३०० ला उभा राहतो, मधे २७० करून बघत नाही. १३० वरून २०० ही उडी त्याच मापाची आहे. फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या प्रसिद्ध लांब राईडचे १२०० किमी ९० तासांत संपवायचे असतात. तिथे उतरण्यासाठी त्या वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० च्या ब्रेव्हे पूर्ण कराव्या लागतात. म्हणजे पात्रतेची सर्वांत मोठी राईडसुद्धा निम्म्याच अंतराची.

शिवाय १८० किमी केले की पुढचा आठवडा तर जातोच, त्यापुढच्या रविवारीही पाय पुरते ताजे नसतात. ज्यांना आठवड्यात दहा-बारा तास मिळतात त्यांनी खुशाल करावेत. सहा तासांच्या आठवड्यात ते बसत नाहीत.

सातवा_गियर

खूप आभार, दादा. चढवेडा, तुमचेही. आणखी दोन शंका. पट्टा नाही माझ्याकडे, मग 'आरामात' म्हणजे किती? आणि तीन तासांनंतर डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. राईड वाढवली की हे वाढेल का?

मणका_आणि_चाक

बोटांचं मी सांगते, फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः सायकल चालवते. करंगळी आणि अनामिका म्हणजे बहुधा अल्नार नर्व्ह, त्या बोटांकडे जाणारी नस. तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून ती जाते आणि हँडलवर भार टाकला की दबते. हायब्रिडचं हँडल सरळ असल्याने हात तासन्‌तास एकाच जागी राहतात. दोन्ही टोकांना बार-एंड, म्हणजे पुढे आलेल्या छोट्या मुठी, लावले तर पकड बदलता येते. दर दहा-पंधरा मिनिटांनी बदलाच, मुंग्या यायची वाट पाहू नका. सॅडलचं नाक खाली झुकलेलं आहे का तेही बघा. तसं असेल तर शरीर पुढे घसरतं आणि सगळा भार मनगटांवर येतो.

राईड वाढवल्यावर हे वाढेल, हो. म्हणून मी तर म्हणेन, बधिरपणा तीन तासांवर येत असेल तर तो मिटेपर्यंत साडेतीनच्या पुढे जाऊ नका. सावकाश_स्वार यांच्या वेळापत्रकाला एक-दोन आठवडे उशीर झाला तरी चालेल. राईड संपल्यावरही दिवसभर बोटं बधिर राहिली किंवा चिमटीतली पकड सैल वाटली, तर डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यांकडेही लक्ष असू द्या. पुढच्या बाजूने दुखलं तर अनेकदा सॅडल खाली असते, मागच्या बाजूने दुखलं तर वर. एका वेळी काही मिलिमीटरच हलवा आणि दोन-तीन राईड बघा.

सावकाश_स्वार

मणका_आणि_चाक म्हणतात तसंच करा. हात आधी, तास नंतर.

वेगाचं म्हणाल तर बोलून बघा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यं न तुटता बोलता आली पाहिजेत. चढावर वाक्य तुटलं तर गियर हलका करा. ग्रुपबरोबर हे जमत नसेल तर रविवारी एकट्याने जा, मी तर तेच सुचवेन.

आणि लांब राईडमध्ये पोटालाही तयार करायचं असतं. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेन जेमतेम ५०० ग्रॅम, म्हणजे साधारण २००० कॅलरी. दहा तास त्यावर निघत नाहीत. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच खायला लागा आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं जातील असं बघा. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. सुरुवातीला पोट तक्रार करेल, पाच-सहा रविवारांत सरावेल. जे ब्रेव्हेला खाणार तेच रविवारी खा.

२०० ची मुदत साडेतेरा तास आहे. रस्त्यावर ताशी २० चा वेग ठेवलात तर दहा तास चालवणं आणि साडेतीन तास थांबे. घाई करायची गरज नाही. फक्त चार तासांच्या राईडपासून पुढे घड्याळ थांबवू नका, एकूण किती वेळ उभ्या राहिलात तेही लिहून ठेवा.

सातवा_गियर

बार-एंड आजच बघते. या रविवारी तीन तास, एकटीच. मंगळवारी कसं गेलं ते इथेच कळवते.